लाइनीवरचा कौल

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९५८. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. दादर आणि परळ यांच्या मधल्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी मेकॅनिक होतो. सुपरवायझरांनी मला शिडीवरून खाली बोलावले आणि विचारले, "तुम्ही मालवणकडचे ना?"

मी हो म्हणालो.

"मग मागच्या खोलीत जा. साहेबांना भाषेचं काही विचारायचं आहे."

माझे काम मेन फ्रेमवर असे. फ्रेम म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची लोखंडी चौकट. भागातल्या प्रत्येक टेलिफोनच्या दोन तारा रस्त्याखालून येऊन तिच्या एका अंगाला लागत. दुसऱ्या अंगाने यंत्रांकडे जाणाऱ्या तारा निघत. दोन्ही अंगांना जोडणारे तारेचे तुकडे लावणे, काढणे, तपासणे एवढेच मला करायचे असे. ते काम मला मनापासून आवडे. तिथे तार लागलेली असते किंवा नसते. मधले काही नसते.

मागची खोली पूर्वी सामानाची होती. आदल्या दिवाळीपासून तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि हेडफोन आले होते. त्या खोलीत बाहेरच्या एका खात्याची माणसे बसत. खात्याचे नाव लिहीत नाही. त्या वेळीही कोणी ते उच्चारत नसे. वरून लेखी हुकूम येई, त्यात एक नंबर असे. त्या नंबराच्या तारांना मी आणखी दोन तारा जोडून त्या खोलीत नेत असे. टेलिफोन सरकारचे होते आणि ऐकणारेही सरकारचेच होते; एकाने दुसऱ्याकडे मागायचे आणि त्याने द्यायचे. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला जात असे. एक्स्चेंजमधले बहुतेक सर्वच जात. सुपरवायझरही मागे उभे असत. ह्या दोन गोष्टी एकाच माणसाने कशा केल्या, असे माझ्या नातवाने विचारले होते. दिवसा नोकरी होती आणि संध्याकाळी सभा होती, एवढेच मी त्याला सांगू शकलो.

त्या महिन्यात मागच्या खोलीत जो नंबर जोडलेला होता तो लालबागच्या एका छापखान्याचा होता. छापखान्याचा मालक चळवळीची पत्रके छापतो, हे गिरणगावात शेंबड्या पोरालाही माहीत होते. टेलिफोनवर मात्र तो पत्रकांचे अक्षर काढत नसे. ऐकणाऱ्या कारकुनाने मला हे चहाच्या वेळी स्वतःच सांगितले होते.

हा कारकून खान्देशातला. समुद्र त्याने मुंबईला येईपर्यंत पाहिलेला नव्हता. माणूस सरळ होता. हेडफोन लावून ऐकायचे, मराठीत उतरवायचे आणि मग साहेबांसाठी इंग्रजी करायचे, हे त्याचे काम. मालवणी त्याला अर्धीच कळे.

"तुमच्याकडची माणसं नाकानं बोलतात," तो मला म्हणे.

"तुमच्याकडची केळी तोंडात धरून बोलतात," मी म्हणे. आमची मैत्री एवढ्यावर चालली होती.

मी खोलीत गेलो तेव्हा साहेब खिडकीशी उभे होते. ते उत्तरेकडचे. मराठी त्यांना ऐकून बरीचशी कळे, बोलत मात्र हिंदीत.

"बैठिए," ते म्हणाले.

मी बसलो नाही. म्हणालो, "ग्राहकाचं बोलणं ऐकायची किंवा वाचायची मला परवानगी नाही. लेखी हुकूम हवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, मग एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून सही केली. मी ती खिशात ठेवली आणि बसलो.

त्यांनी माझ्यापुढे टाइप केलेले कागद सरकवले. वर मराठी, खाली इंग्रजी. छापखान्याचा मालक गिरगावातल्या आपल्या मेहुण्याशी बोलला होता. मेहुण्याचे नारळाचे दुकान होते आणि दुकानात टेलिफोन होता. मालकाचे बोलणे असे होते:

"काका मंगळवारच्या बोटीन हुकूम घेवन येतत. थय बारा-पाच जमतले. म्हाराजाच्या पुढ्यात उजवो-डावो झाल्याशिवाय मी कोणाक शब्द देवचंय नाय."

आणि मेहुण्याचे असे: "वडाळ्याची माणसा खोळंबली आसत, भावोजी. उजवो झालो तर लगेच मांडव घालूया. डावो झालो तर काम थांबवूचा."

साहेबांनी ह्यातून जो अर्थ काढला होता तो त्यांनी मला थोडक्यात सांगितला. त्या काळी चळवळीत डावे होते आणि उजवेही होते, त्यांचे आपसांत पटत नसे, हे वर्तमानपत्रांतही येई. कोणी एक महाराज नावाचा पुढारी कोकणात लपून आहे. त्याचा हुकूम घेऊन माणूस आज बोटीने येतो आहे. बारा वाजून पाच मिनिटांनी जमाव जमेल. महाराजाने उजव्यांची बाजू घेतली तर मंडप घालून सभा होईल. वडाळ्याच्या रेल्वे यार्डातले कामगार इशाऱ्याची वाट पाहत थांबले आहेत.

"गाडी नऊ बजे से नुक्कड पर खड़ी है," साहेब म्हणाले. "बारा-पाच को छापेखानेवाले को उठाएँगे. ऑर्डर पर दस्तखत हो चुके हैं. आप सिर्फ इतना बताइए, ये महाराज कौन है?"

मला हसू आले नाही. गाडी खरी होती आणि हुकूमही खरा होता. त्या दिवसांत असा उचललेला माणूस कधी परत येईल हे कोणी सांगू शकत नसे.

मी म्हणालो, "देव."

"कौन देव? पूरा नाम?"

"पुढारी नव्हे, साहेब. देव. गावच्या देवळातला. त्याला आम्ही म्हाराजा म्हणतो. दगडाचा आहे."

खान्देशी खाली मान घालून म्हणाला, "मी लिहिताना मोठा माणूस असेल असंच समजलो."

"और बारा-पाच?"

"ती वेळ नव्हे. देवळात ज्यांना मान असतो त्या घरांची माणसं. सगळ्यांना मिळून बारा-पाच म्हणतात."

"यानी सत्रह आदमी."

"सतरा असतील असं नाही. कधी नऊच येतात."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. हुकूम म्हणजे देवाचा कौल. मग मी त्यांना कौलाची पद्धत समजावून सांगितली. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतात. देवळाचा पुजारी, म्हणजे गुरव, सगळ्यांदेखत प्रश्न मांडतो. त्याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. मग सगळे वाट पाहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही म्हणाला. माझ्या गावात असे होते आणि मी तसेच सांगितले.

"आणि मांडव लग्नाचा आहे," मी म्हणालो. "त्यांच्या मुलीचं ठरतं आहे. वडाळ्याची माणसं म्हणजे मुलाकडची; मुलगा यार्डात असेलही."

"शादी का लफ्ज़ कहाँ है? बताइए. एक जगह दिखाइए."

तो शब्द कुठेच नव्हता. कौल मिळेपर्यंत आमच्याकडे लग्न हा शब्द तोंडातून काढत नाहीत. नुसते काम म्हणतात. शब्द आधी काढला तर काम मोडते अशी समजूत आहे. माझ्या बहिणीच्या वेळी आईने आम्हाला महिनाभर बोलू दिले नव्हते. हे सगळे मी सांगितले. सांगतानाच माझ्या लक्षात आले की ज्या शब्दाने तो माणूस सुटला असता नेमका तोच त्याने टाळला होता.

साहेब हुशार होते. म्हणाले, "आप भी मालवण के, वो भी मालवण का. आप तो यही कहेंगे."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी त्यांच्या जागी असतो तर तेच म्हटले असते.

"गाडी थोडी थांबवा," मी म्हणालो. "बोट लागली असेल. काका आधी गिरगावात दुकानावर जातील आणि तिथून ह्याच नंबरावर फोन येईल. तुम्ही स्वतः ऐका. त्यात मुलीचं लग्न निघालं नाही तर माझी नोकरी घ्या. लिहून देतो."

त्या नोकरीवर लालबागचे आमचे बिऱ्हाड चालत होते. छापखान्याच्या मालकाशी माझी ओळखही नव्हती. मी असे का बोललो ह्याचा मी पुढेही फार विचार केलेला नाही.

साहेबांनी लिहून घेतले नाही. "सुनेंगे," एवढेच म्हणाले.

खोलीत हेडफोन एकच होता. साहेबांसाठी मी माझा तपासणीचा हँडसेट लाइनीवर लावला. आम्ही मेकॅनिक लोक कमरेला अडकवतो तो हा टेलिफोन; त्यात ऐकू येते आणि बोललेले पलीकडे जातेही. मी त्यांना सांगितले, "ह्यात बोलू नका."

"मालूम है," ते म्हणाले.

खान्देश्याने हेडफोनचा एक कान मला दिला आणि एक स्वतः ठेवला. आम्ही दोघे डोक्याला डोके लावून बसलो. चहा येऊन गार झाला. अकरा वाजून गेल्यावर लाइनीवर घंटीचा आवाज आला.

"भावोजी, काका इले," मेहुण्याचा आवाज.

"बोल. काय दिल्यान?"

"काका इले," मेहुणा पुन्हा तेच म्हणाला.

"अरे, बोल मां."

"डावो."

 मागे चालू असलेले छपाईचे यंत्र थांबले. कोणी तरी हुंदका दिला. मला वाटले, बाई असेल. डावा म्हणजे काय हे मी थोड्याच वेळापूर्वी साहेबांना समजावले होते. साहेबांनाही ते समजले होते. हँडसेट तोंडाशी धरूनच ते म्हणाले, "लेफ्ट?"

"कोण ता?" मालकाने विचारले. त्याचा आवाज ओला होता.

"मी नाय बोललंय," मेहुणा म्हणाला.

"लायनीत कोणतरी आसा."

तिकडे टेलिफोन कोणी तरी मालकाच्या हातातून घेतला. बाईचा आवाज आला; ती मालकाची बायको असणार. आवाज रडका मुळीच नव्हता. "आसांदे. आमचा चोरीचा काय आसा? तू माका सांग, गाऱ्हाणा काय घातल्यानी?"

"ता माका काय ठावक, बाये? डावो म्हणजे डावो."

"मेल्या, नारळ सोलून सोलून तुझ्या डोक्याची करवंटी झाली. काकांका फोन दी."

खुडबुड झाली. "उलटो धरलास, काका," असे लांबून ऐकू आले. मग एक म्हातारा इतक्या मोठ्याने बोलू लागला की खान्देश्याने हेडफोन कानापासून दूर केला. बोट रत्नागिरीला किती वेळ थांबली इथपासून काकांनी सुरुवात केली.

"काका, बोट ऱ्हवांदे," बाई म्हणाली. "देवाक काय इचारल्यानी ता सांगा. जसाच्या तसा."

काकांनी घसा साफ केला. गाऱ्हाणे हे साध्या बोलण्यात सांगता येत नाही. ते त्याच्या चालीतच म्हणावे लागते, आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला होकार द्यावा लागतो. काका गिरगावातल्या नारळाच्या दुकानात उभे राहून टेलिफोनमध्ये म्हणू लागले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पुढ्यात बारा-पाच एक मेळान जमले आसत."

"होय म्हाराजा," बाई म्हणाली. तिच्यामागे छापखान्यातले खिळे जुळवणारे जुळारीही म्हणाले.

"तुझ्या मुंबयच्या लेकराच्या चेडवाक वडाळ्याचा स्थळ इला आसा."

"होय म्हाराजा." ह्या वेळी ते माझ्याही तोंडून निघाले. लहानपणाची सवय. खान्देश्याने माझ्याकडे बघितले.

"ह्या सोयरिकीत काय खोट आसात, काय वाकडा आसात, तर तुझी उजवी पाकळी दी."

"होय म्हाराजा."

"सगळा निर्मळ आसात, तर डावी दी."

ह्याला कोणी होय म्हटले नाही. 

"डावी दिल्यान मां, काका?" बाईने हळू विचारले.

"डावी. गुरवाचा बोलणा संपाच्या आधी पडली. मी पयल्यापासून तेच सांगतंय."

"ह्यो माझो भाव," बाई म्हणाली. मग टेलिफोन बाजूला न करताच नवऱ्याला म्हणाली, "आणि तुमी आता रडतास कित्याक?"

"रडत नाय," मालक लांबून म्हणाला. "शाई गेली डोळ्यात."

ज्याच्यासाठी नाक्यावर गाडी उभी होती तो माणूस हा. साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. त्यांनी हँडसेट कानाला तसाच घट्ट धरला होता.

टेलिफोन ठेवण्याआधी बाई पुन्हा बोलली. आवाज तोच, घरातला. "आणि मधल्यानु, तुमीय ऐकलास मां? डावो म्हणजे होय."

लाइन बंद झाली.

साहेबांनी हँडसेट टेबलावर ठेवला. मग साहेब म्हणाले, "आपने तो कहा था, दाहिना मतलब हाँ."

"माझ्या गावात तसं आहे. त्यांच्या गुरवानं आधी खोट विचारली, ते मेहुण्यालाही कळलं नाही. मला ठाऊक नव्हतं."

"अगर वो औरत न पूछती?"

"तर काम थांबलं असतं."

त्यांनी मान हलवली. मग टेबलावरचा टेलिफोन उचलून त्यांनी गाडी परत बोलावली. कारण सांगितले नाही. पलीकडून कोणी तरी विचारले असावे, कारण साहेब जरा चिडून म्हणाले, "घरेलू मामला निकला. घरेलू. शादी का." टेलिफोनवर तो शब्द शेवटी त्यांनीच पहिल्यांदा उच्चारला.

मग त्यांना काही आठवले. "लड़का वडाला यार्ड में है न? स्ट्राइक तो नहीं करेगा?"

"लग्न होईपर्यंत नाही," मी म्हणालो.

खान्देशी हसला. त्याच्याकडे पाहून साहेबही थोडे हसले, आणि मग कागद गोळा करू लागले. "ये लाइन निकाल दीजिए. टाइम खराब."

"लेखी हवं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि दुसरी चिठ्ठी लिहून दिली. जाताना दारातून म्हणाले, "आप की भाषा में लेफ्ट-राइट का भरोसा नहीं." ते रागाने म्हणाले नव्हते.

मागची खोली त्या दिवशी बंद झाली असे नाही. दुसरे नंबर आले आणि मी त्यांच्या तारा जोडल्या. महाराष्ट्र झाल्यावरही ती खोली राहिली. ऐकणाऱ्यांत आपली माणसे वाढली एवढेच. छापखाना चालू राहिला. त्या घरचे लग्न वैशाखात झाले, असे खान्देश्याने मला सांगितले. त्याला ते कुठून कळले हे मी विचारले नाही. मला बोलावणे नव्हते आणि मी गेलो नाही. पुढे दोघा-तिघांनी मला विचारले की असल्या खोलीशेजारी नोकरी करून मला समाधान कसे मिळाले. ते कसे मिळाले हे मला सांगता येणार नाही, पण त्या मंगळवारी ते मिळाले होते, हे लिहून ठेवतो.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत खान्देश्याने आपल्या डब्यातली शेवेची भाजी मला अर्धी दिली. ती इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

"शाई गेली का?" त्याने विचारले.

मी पाणी प्यालो. मग तो म्हणाला, "मी 'महाराज' हा शब्द इंग्रजीत मोठ्या अक्षरानं, माणसाच्या नावासारखा, टाइप केला. तिथंच सगळं बिघडलं. लहान केला असता तर साहेबांनी विचारलंही नसतं."

"लहान केला असता तर देवाचा अपमान झाला असता," मी म्हणालो. तो बराच वेळ हसत राहिला.

तीन वाजता मी शिडीवर चढलो. छापखान्याच्या नंबरावर मी लावलेल्या दोन तारांना कथिलाचा डाग दिलेला होता. तो गरम करून सोडवला. तारा ओढून काढल्या, तारा जोडायचा खिळा घासून स्वच्छ केला, मूळच्या तारा घट्ट आहेत ना ते बोटाने पाहिले. फ्रेमवर कोणत्याही लाइनीला हात लावला की ती वाजवून पाहण्याचा नियम आहे. मी हँडसेट लावून नंबर फिरवला. छापखान्याचे यंत्र पुन्हा सुरू झालेले मागे ऐकू आले.

टेलिफोन बाईंनीच उचलला.

"टेलिफोन खात्याकडून बोलतो आहे," मी म्हणालो. "लाइन तपासायची आहे. आवाज नीट येतो का?"

"येता," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तारीख अजून ठरूक नाय. आता मी हिंदमात्याक शालू बघूक जातंय. थयचा काय तुमका ऐकूक येवचा नाय."

"लाइन मोकळी आहे, बाई," मी म्हणालो. "आता मधे कोणी नाही."

"बरा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टेलिफोन ठेवला.

काढलेली तार चांगली लांब आणि धड होती. मी तिचे वेटोळे केले, टोक आत खोचले, आणि ते फ्रेमच्या कडेच्या खिळ्याला अडकवून खाली उतरलो.